टिचकी

आमच्या घरात पत्ते नव्हते.
पत्त्यांत चार राजे,
आणि आम्हाला एकच पुरत असे.
फासेही नव्हते. वधस्तंभाच्या पायथ्याशी
शिपायांनी कपडे कसे वाटून घेतले
हे आई दरवर्षी एकदा सांगायची,
फाशांचं नाव कुणी काढलं की.

हा पट मात्र होता.
मेपलचा, गोल, रताळ्याच्या रंगाचा,
मधोमध एक खळगा, भोवती आठ खुंट्या,
कडेनं चर, चुकलेल्यांसाठी.
यात नशीब नाही, थाप मारायची सोय नाही,
बोट आणि लाकूड. म्हणून मंडळीला चालायचा.
ऑन्टारियोचा जानेवारी, गुडघाभर बर्फ,
गाईंच्या धारा काढून झाल्या की दिवा पुढे ओढायचा
आणि टिचकी. टिचकी. टिचकी.
आई मोजे विणता विणता आवाजावरून सांगायची
कोणाची सोंगटी चरात गेली.

मग एलामने ट्रक घेतला.
लाल. निदान काळा तरी घ्यायचा,
असं लविना आत्या म्हणाली, जणू रंगाने काही फरक पडणार होता.
रविवारी सगळे उभे राहिले. हात वर झाले.
बाबा डीकन होते. त्यांचा हात
उशिरा वर गेला, पण गेला.

तेव्हापासून तो आला की
आई दोन टेबलं लावायची, मध्ये दोन बोटांची फट,
वरून एकच पांढरी चादर.
म्हणजे दिसायला एक पंगत,
आणि देवाला दिसायला दोन.
बटाट्याचं भांडं बाबा त्याच्या हातात देत नसत,
टेबलावर ठेवत, एलाम उचलून घेई.
आम्हा मुलांना फटीपाशी बसायची हौस.
चादरीखालून बोट घालून बघायचं,
खरंच रिकामं आहे का.

त्या रात्री जेवण झालं.
रस्ता बंद झाला होता, ट्रकला जाता येईना.
बाबा उठले, पट काढला,
आणि टेबलावर नाही,
सफरचंदांच्या पिंपावर मांडला.
नियमांच्या वहीत पिंपाचा उल्लेख नव्हता.
काळ्या सोंगट्या त्यांनी एलामच्या बाजूला सरकवल्या.
कोणी काही बोललं नाही. शेगडीत लाकूड तडकलं.

हा खेळ ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते:
समोरच्याची सोंगटी पटावर असेल
तर तुमच्या सोंगटीने तिला शिवायलाच हवं.
नाही शिवलं तर तुमचीच काढून घेतात.
किती वर्षं खेळत होतो आम्ही हे!
कधी ऐकूच आलं नव्हतं.

टिचकी. बाबांची फिकी सोंगटी
एलामच्या काळीला लागली.
टिचकी. एलामची बाबांच्या.
खालमानेनं दोघं,
फक्त बोटं दिव्याच्या उजेडात,
सारखीच, नखं तुटलेली, उजव्या अंगठ्याला तेच वळण.
कोणाची कुठली हे सांगायला बाहीकडे बघावं लागे.

शेवटच्या फेरीत एलामची एक सोंगटी
खुंटीमागे अडून राहिली होती.
बाबांनी किती तरी वेळ नेम धरला.
लागली. आणि ती काळी हळूच
खुंटीला वळसा घालत घरंगळत
मधल्या खळग्यात जाऊन बसली.
वीस गुण. एलामचे.
"चुकलं," बाबा म्हणाले.
आईच्या सुया थांबल्या.
बाबांचा नेम त्या तालुक्यात
कुणी चुकलेला पाहिला नव्हता.

पहाटे नांगरगाडी आली, रस्ता मोकळा झाला.
लाल दिवे कुंपणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत
मी खिडकीची काच पुसत राहिले.
मागे बाबा सोंगट्या पिशवीत भरत होते.
फिक्या बारा. काळ्या अकरा.
पुन्हा मोजल्या. चरात हात फिरवला.
पिंपाखाली मात्र वाकून पाहिलं नाही.
पिशवीची नाडी आवळली
आणि धारा काढायला निघून गेले.