शुद्धिपत्र

पान एकशे बारा, वरून सातवी ओळ.
दोन आडव्या रेघा हव्यात, छापली एक.
एवढंच लिहायचं होतं.

पण लोटनशेठ म्हणाले,
चिठ्ठीचा कागद सारा कोराच राहतो, मॅडम,
काहीतरी भरा.
म्हणून हे.

पुस्तक आम्ही दोघांनी लिहिलं.
वसीम पिंजारी चोपड्यात, मी फैजपुरात,
आणि मध्ये भारनियमन.
त्याच्याकडे दिवे असत तेव्हा माझ्याकडे नसत,
त्यामुळे प्रकरणं आळीपाळीनं उजळत गेली.
दिवसा आम्ही कुठल्या कुठल्या बँकांचा कोड निस्तरायचो
जो कुणाला दाखवायचा नाही अशी सही केलेली.
रात्री, पालथ्या स्टीलच्या ताटावर लॅपटॉप ठेवून
(मे महिना होता)
जो सगळ्यांना दाखवायचा त्याच्याबद्दल लिहायचो.

शब्दांनी छळलं.
शाखा म्हटलं की बँकेची वाटे,
विलीनीकरण म्हटलं की संस्थानं आठवत.
आणि फोर्क?
काटा म्हणवेना. वसीम म्हणाला, दुफाटा.
आठ दिवस आम्ही त्या दुफाट्यावर उभे.

मग जुबेदा तडवी आल्या, बागेतलं काम आटोपून,
हातात विळा, लुगड्यावर केळीचे काळे डाग,
जे कधी जात नाहीत.
मी सहज विचारलं,
बुंध्याशी फुटतं त्याचं तुम्ही काय करता?
पील? त्या म्हणाल्या,
कापलं तं कचरा. नेलं तं बाग.
आणि मूळ झाडाचं?
त्याचं काय जातं?

प्रकरण सहा: पील.
एका रात्रीत लिहून झालं.

अमळनेरला लोटनशेठनी परवान्याचं पान वाचलं.
कोणीही छापावं, बदलावं, वाटावं, विकावं.
चष्मा कपाळावर सरकवला.
कोनीबी? मंग मी कसाले छापू?
वसीम म्हणाला, शेठ, भरीत कसं करायचं
हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे,
तरी भरिताच्या हॉटेलात रांग लागतेच ना?
शेठ हसले नाहीत.
पाचशेच्या तीनशे केल्या.

छपाई सुरू झाली त्याच आठवड्यात
नवी आवृत्ती आली, प्रकरण नऊ जुनं झालं.
रावेरला वॅगनीत चढते ती केळी
हिरवी असते म्हणून दिल्लीत पिवळी होते.
आम्ही पिकलेलीच चढवली.
आता कळतं.

तीनशेपैकी एकशे चाळीस गेल्या.
त्यातली एक धडगावला.

तिथून रेलसिंग पावराचं पत्र आलं,
वहीचा कागद, निळी शाई, समास सोडलेला.
लिहितो: तीन संध्याकाळी तीच ओळ टाइप केली.
संगणक नाही म्हणाला.
मला वाटलं माझीच बोटं चुकतात.
चौथ्या दिवशी इंग्रजी माहितीपत्रक उघडलं, शब्दकोश घेऊन,
तिथे रेघा दोन आहेत.
चूक माझीही असू शकते. तपासावे.

तीन संध्याकाळी.
मी ते पत्र वसीमला फोनवर वाचून दाखवलं
तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं लाइट गेली.

पत्राच्या पाठीमागे आणखी होतं.
पहिली सहा प्रकरणं पावरी बोलीत केली आहेत,
धाकट्या भावासाठी.
विचारायची गरज नाही असं तुम्हीच लिहिलं आहे
म्हणून विचारलं नाही, फक्त कळवतो.
आमच्याकडे वर केळी नाही,
त्यामुळे पील हा शब्द काढला, आमचा घातला.

कोणता, ते लिहिलेलं नाही.
जुबेदाताई रोज विचारतात.

तर, पान एकशे बारा.
दोन रेघा, मध्ये जागा सोडू नये.
दुरुस्ती: रेलसिंग पावरा, धडगाव.
शेठ, खाली थोडा कागद अजून उरतोय,
तो तसाच राहू द्या.
कुणाला तरी लागेल.