आठवा चौकोन

सोहारला, फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या वर
गुरुवारी पाच ते सात माझा वर्ग भरतो.
खालचं यंत्र चालू झालं की बाकं थरथरतात,
एसीचं पाणी बादलीत पडत राहतं,
आणि पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच काढत नाही.
पांढरा कागद टाचते. म्हणते, बघा.
बघून झालं की सांगा काय दिसलं.

बिजेश म्हणाला, काही नाही.
मारिविक म्हणाली, हॉस्पिटलातली चादर.
झुवैनाने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं,
तिथेही तेच होतं, फक्त पिवळट.

चांगलं. आता यावर एकच काळा चौकोन ठेवा.
मधोमध ठेवलात तर तो झोपेल.
थोडा वर सरकवा, तरंगेल.
कोपऱ्यात घाला, रुसेल.
आणि कडेला टेकवू नका,
नजर त्याच्याबरोबर पानाबाहेर जाते
आणि परत यायला कुरकुरते.
डिंकाची घाई नको.
आधी सरकवा, बोटाने, नखाने, फुंकरीने.

झुवैना वडिलांच्या होड्या काढत आलेली,
बुडाशी लाटा, शिडाखाली छाया, सगळं गोल गोल, खरं.
तिला म्हटलं, हे येतंच तुला, आता विसर.
होडी म्हणजे एक त्रिकोण आणि एक खाप.
सावली द्यायची नाही.
बाहेर चव्वेचाळीस अंश,
मांजरं गाड्यांखाली पोट टेकून पडलेली,
आणि मी बजावत होते: सावली द्यायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात राखाडी.
एकाच कागदाच्या दोन चकत्या,
एक काळ्यावर, एक पांढऱ्यावर.
फसवताय, झुवैना म्हणाली, या वेगळ्या आहेत.
उचलून शेजारी शेजारी ठेवल्या
तेव्हा बराच वेळ बोलली नाही.
राखाडी तोच गं. शेजार बदलला.
मारिविकने हे वहीत उतरवून घेतलं
तिच्या भाषेत, आणि खाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या आठवड्यात माझी जीभ घसरली.
वर्ग चालतो हिंदीत, थोडा इंग्रजीत, बराचसा हातवाऱ्यांत;
पण सांगता सांगता मराठी निसटली:
कागदाला लांबी असते, रुंदी असते. खोली नसते.

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं.
मुबीन परकार. बेकरीची गाडी चालवतो.
खेडचा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.
"खोली आमच्याकडे हाय ना बाई," तो म्हणाला,
"एकच हाय. आठ जण."

बाकीचे आमच्या तोंडाकडे बघत राहिले.
मी हसले, मग ते हसणं कुठे ठेवावं कळेना.
विषय बदलायचा म्हणून म्हटलं,
बरं, मग आठच चौकोन घे.
एका पानावर असे बसव
की कुणाचा कुणाला धक्का लागणार नाही.

सात वाजले. खालचं यंत्र थांबलं.
त्याचं पान पाहिलं:
चौकोन कडेला पाठ लावून, एकावर एक, दोन दोन,
मधून दाराकडे जावी तशी पांढरी वाट,
पाय टाकण्यापुरती.
काळ्याच्या आधी ती वाटच दिसत होती.
कडेला टेकवू नका, हा माझा नियम
त्याने सात वेळा मोडला होता
आणि नजर कुठूनही बाहेर पडत नव्हती.

वर डावीकडे एक जागा रिकामी,
बरोबर चौकोनाएवढी.
सगळं पान तिने तोलून धरलं होतं.

हे सातच आहेत, मी म्हटलं. आठवा?

"तो ड्युटीवर."

सगळे गेल्यावर बाकं सरकवताना सापडला,
त्याच्याच जागेखाली,
नीट कापलेला, पाठीला डिंक लावलेला.
माझ्या बोटाला चिकटला,
सुटता सुटेना.