चाळीस सेकंद

ओउलूत जानेवारीतली सकाळ दहाला उजाडते.
त्याआधीच्या अंधाराला आम्ही कामाची वेळ म्हणतो.

मी बस आखते, चालक नसलेली.
खरं तर मी थांबणं आखते.
चालणं यंत्राला लवकर जमलं.
कुठे थांबायचं, किती, कुणासाठी,
माणूस कुठला नि बर्फाचा ढीग कुठला,
हात करणारा कोण नि टोपी सावरणारा कोण,
यांत नऊ महिने गेले.

बसच्या कपाळावर मुठीएवढा एक डोळा आहे.
डोळ्यांत तेल घालून पाहा म्हणावं,
तर तेलही गोठेल अशी हवा.
उणे चोवीसला बर्फ त्यावर साय धरतं
आणि तीन नंबरची बस
चाचपडत निघते,
शाळेत चालत जाणारी पोरं तिला मागे टाकतात.

मग आकडे सुधारले.
हाउकीनिएमीच्या थांब्यापर्यंत नजर एकसष्ट टक्के,
थांबा सुटला की सत्त्याण्णव.
रोज, सात बेचाळीसला.
इल्का म्हणाला, हीटरचा नवा कोड लागू पडला.
त्याने सगळ्यांना दालचिनीचे पाव आणले.
मी दोन खाल्ले.

पण हीटर तर सगळ्या थांब्यांवर तोच.
आणि हाउकीनिएमीला कुणी चढत नाही, उतरत नाही.
नोंद एवढीच:
समोर अडथळा. अर्धा मीटर. अडतीस सेकंद.

चित्रफीत काढली.
आधी अंधार, मग लोकरीचा हातमोजा,
निळा, अंगठ्याला तांबड्या लोकरीचं रफू.
तो जवळ आला, अख्खं जग झाकलं,
गोल गोल फिरला,
आणि जग परत आलं, लख्ख,
मध्यभागी एक बाई,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
पोराचं तोंड पुसून झालं, आता पळ,
असं बसकडे बघणारी.

दुसऱ्या दिवशी सात पस्तीसलाच जाऊन उभी राहिले.
तुओवी रासिनकांगस, वय एक्क्याऐंशी,
स्कीच्या एकाच काठीला टेकून.
मी नाव सांगितलं,
ही बस माझी, असं काहीतरी पुटपुटले.
'तुझी?' ती म्हणाली,
'मग ह्याला पापणी का नाही दिलीस?'

पापणीचा खर्च
आम्ही दुसऱ्याच वर्षी कापला होता.
हे तिला सांगवलं नाही.
बस आली. तिने पुसलं. दार उघडं होतं.
तुम्ही बसत का नाही, मी विचारलं.
'मला कुठे जायचंय. जायचंय त्याला.'

फेब्रुवारीत नगरपालिकेचं पत्र:
हाउकीनिएमी येथे निष्कारण विलंब, खुलासा करावा.
दुरुस्ती अर्ध्या ओळीची होती,
थांबा गाळायचा.
त्या रात्री मी वेळापत्रकात
चाळीस सेकंद घातले.
अडतीस तिचे,
वरचे दोन मोजा झटकायला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: बर्फ.

पापणीचा आराखडाही केलाय तेव्हापासून.
मऊ रबर, दर चार मिनिटांनी एक फेर.
खणात आहे.
कधी पाठवतेस, इल्का विचारतो.
बघू, म्हणते.
चांगला आराखडा आहे. स्वस्तही आहे.
बघू.

आता जून. रात्र नाही, बर्फ नाही.
बस हाउकीनिएमीला थांबते, दार उघडतं,
डास आत येतात,
लोक घड्याळ बघतात, मग एकमेकांकडे बघतात.
तुओवी बाकावर वाटाणे सोलत असते.
मान वर करून डोळा तपासते,
ठीक आहे, अशी मान हलवते,
पुन्हा शेंगांत.

काल चौतिसाव्या सेकंदाला
गळाची काठी घेतलेला एक मुलगा धापा टाकत आला,
बादली हिंदकळवत चढला.
अर्धं पाणी पायरीवर.
संध्याकाळी नोंद वाचली, पुन्हा वाचली:
हाउकीनिएमी. प्रवासी एक.
पायरी ओली. कारण अज्ञात.