सुरगाठ

येलदरीचं पाणी उतरलंय.
बुडीत गावाच्या चावडीचा चौथरा
उघडा पडलाय पुन्हा,
त्याच्यावर बगळे बसलेत पंचांसारखे,
निकाल न देता.

जाळं ओढून झालं. दीड क्रेट रोहू, चार मरळ,
आणि एक चिलापी, जी अजून मानत नाही.

मुंजाजीमामा म्हणतो, आधी वायर काढ.
काळी पहिली, मग तांबडी.
उलटं केलंस तर पाना चटका देतो,
आणि चटका दिल्यावर शिकवायला मी बसणार नाही.

मोटर पाण्यातून वर घेतली
की पंख्याला शेवाळ असतं,
कधी कुणाच्या जाळ्याचा हिरवा दोरा
आवळून गुंडाळलेला.
तो सोडवून खिशात ठेवायचा.
दुसऱ्याचा दोरा आपल्या मोटरीत ऱ्हाऊ नये,
मामा म्हणतो, आणि कारण सांगत नाही.

मग दांडा आडवा करायचा
नावेच्या तोंडाशी, पंखा बाहेरच्या अंगाला.
कंपनीचा चाप आहे तिला.
चाप दोन उन्हाळे टिकला.
आता लाटेगणिक दांडा उठतो, आदळतो,
उठतो, आदळतो.
'आधी आवाज येतो,' मामा म्हणतो,
'मंग फट पडती. मंग पानी.'

म्हणून टायरचा तुकडा, दांड्याखाली,
बैलाच्या खांद्यावर जू बसतं तिथं चिंधी देतात तसा.
म्हणून सायकलची ट्यूब,
जिंतूरच्या खाजामियाँनी सतरा पंक्चरांनंतर
हात जोडून फुकट दिलेली,
लांबीत चिरून पट्टी केलेली.

एक वेढा दांड्याला.
एक खालच्या फळीला.
मधे फुली.
ताण असा, की बोटानं छेडली तर पट्टी बोलली पाहिजे.
कशी बोलली पाहिजे ते मामाला सांगता येत नाही.
तो नुसतं 'टंग' म्हणतो
आणि माझ्याकडे बघतो, कळलं का म्हणून.

पहिल्या वर्षी मी निरगाठ मारली होती.
पाय टेकवून, दम लावून,
पुन्हा सुटायचीच नाही अशी.
मामा रागावला नाही.
त्यानं वरचा ओठ उचलून दात दाखवला,
जो तिथं नव्हता.

सावंगीच्या अंगाला वारं सुटलेलं.
वल्हं मोडलेलं.
मोटर होती, चांगली होती, बॅटरी भरलेली होती,
आणि बांधलेली होती भिजल्या सुतळीच्या निरगाठीनं.
नखं गेली. मग दातानं.
नाव दगडी पिचिंगवर आपटली
तेव्हा गाठ सुटली नव्हती.
दात सुटला.

'वाऱ्याला सुटू नये,
आपल्याला सुटावी,' एवढंच म्हणाला,
आणि माझी निरगाठ
मलाच सोडायला लावली.
सांज झाली तिला.

आता त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं
बधिर आहेत, म्हणून गाठ माझी.
सोसायटीतले दोघंतिघं काठावरून बघतात,
पोरीला नावेत कशाला, असं मनात म्हणतात,
कधी मोठ्यानंही.
मग त्यांच्या नावा आमच्या बाजूनं जातात,
तोंडाशी खडखड, खडखड,
भांड्याचं पोतं घेऊन निघाल्यासारख्या.
मी काही बोलत नाही. मामा तपकीर ओढतो.

सुरगाठ. फासा मोकळा,
शेपूट बाहेर, चार बोटं,
अंधारात चाचपडणाऱ्या हाताला
न शोधता सापडेल इतकं.
दिवसा मी डोळे मिटून ते पकडून बघते.
दोनदा चुकले आज.

मग मामा वाकतो.
डाव्या हातानं मोटरीचं डोकं धरतो
आणि जोरात हलवतो.

मोटर हलत नाही.
नाव हलते,
तळातलं ओंजळभर पाणी,
क्रेटमधला बर्फ,
ती चिलापी, मी.

'हां,' म्हणतो. 'चल.'
आणि वल्हं माझ्याकडे सरकवतो.