उजेडाचं टेबल

एक्स-रेची बोट एप्रिलात यायची,
कॉड वाळत टांगून झाले की.
शाळेची रांग धक्क्यावर, नुसत्या बनियनवर,
दात वाजताहेत, कोणाचे कोणते कळत नाही.
आत एक पत्रा. बर्फसुद्धा इतका गार नसतो.
छाती टेकव. हनुवटी वर. श्वास घे. धर.
मी असा धरला
की सोडायचा राहूनच गेला,
आणि मागे उभा हिल्मार, माझा भाऊ, फिदीफिदी हसला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. त्याच्या नावाचं.
आईने ते वाचलं, घडी घातली,
आणि शिजलेले बटाटे
पुन्हा चुलीवर ठेवले.

सॅनेटोरियम दक्षिणेला, आगबोटीने दोन दिवस.
चौदा महिन्यांनी परतला तेव्हा
अंगाने भरला होता, गाल लाल,
आणि बोलत होता तिकडच्या लोकांसारखं.
माशाला, वाऱ्याला, मलासुद्धा
त्याने तिकडच्याच उच्चारात हाका मारल्या.
आई म्हणाली, जाईल हळूहळू.
गेलं नाही.

सोळाव्या वर्षी मी फिलेटच्या कारखान्यात.
काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर कॉडचं मांस,
पांढरं, असून नसल्यासारखं.
त्यात कुठेतरी अळी, तपकिरी, वेटोळं करून बसलेली.
चिमट्याने काढायची. पुढचा तुकडा.
शेजारची गुनवोर म्हणायची,
शोधू नकोस गं, नुसती नजर सोडून दे,
अळी आपणहून दिसते.
खरंच दिसायची.
पण डोळ्यांच्या आधी हाताला कळायचं.
हात थांबायचा,
मग मी विचारायची, का थांबलास?

बोड्योचा दवाखाना. वय तेहतीस.
पोटावर गार चीक, पडद्यावर करडं हवामान,
सुईण काहीबाही बोलत होती, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल.
आणि तिचा हात थांबला.
अर्व्हिड म्हणाला, ते काय, डोकं का?
मी त्याला काही सांगितलं नाही.
घरी येताना फेरीवर त्याने दोन कॉफ्या आणल्या.
दोन्ही मीच प्यायले.

पुढच्या खेपेला पडद्याकडे पाहिलंच नाही.
हाताकडे पाहत राहिले.
हात फिरत गेला, फिरत गेला, जेल संपेपर्यंत.
ट्यूरिड आता पस्तिशीची आहे,
तो फोटो अजून तिच्या फ्रिजवर आहे म्हणते.
मला विचारलंत तर
सुईणीच्या करंगळीवरचा कापल्याचा व्रण सांगेन.

आता पूल झालाय. बोटीऐवजी बस येते,
दर दोन वर्षांनी, त्याच धक्क्यावर उभी राहते.
फळ्यांमध्ये थापतात भाकरीसारखं.
मुलीच्या बिल्ल्यावर लेतेब्रहान लिहिलेलं,
असमाराहून आलेली, हात गरम करून मगच लावते.
मागच्या वेळी म्हणाली,
झालं, आता श्वास सोडा ना,
मी तर धरा म्हटलंच नव्हतं.

आणि हा मंगळवार.
हिल्मारचा सीटी स्कॅन. वय एकोणऐंशी.
त्याच्या फुप्फुसात जुना डाग आहे, वाटाण्याएवढा, चुन्याचा.
नवा डॉक्टर दचकला
की तो आपल्या दक्षिणी थाटात सांगतो,
घाबरू नका, हा जुना भाडेकरू.
परवाही सांगितलं. डॉक्टर हसले.
डाग आला, मागे गेला.
माऊसचं चाक फिरत राहिलं,
भाऊ माझ्यासमोर काप काप होऊन सरकत राहिला,
खांद्यापासून खाली, पांढरा, काळा, पांढरा.
हिल्मार पडद्याकडे बघत होता.
मी चाकावरच्या बोटाकडे.

बोट थांबलं.

माझ्या मांडीवर
चिमूट आपोआप मिटली,
साठ वर्षं चिमट्याला हात लावलेला नाही.

हिल्मारने मान वळवली.
काय गं, काय दिसलं?
असं विचारलं त्याने,
आमच्या बेटाच्या बोलीत.