कोरा धागा

चाळीस वर्षं येवल्यात रेशीम रंगवलं मी.
निळ्याबद्दल मला काय सांगणार, सिस्टर गांगुर्डे.
तरी तुम्ही सांगितलंत:
हे रंगाचं पाणी, एक ग्लास, हळूहळू प्या,
मग ही गोळी, चावायची नाही,
हिच्यात दिवा आहे आणि कॅमेरा.

गोळी सोनाका द्राक्षाएवढी.
पाणी मात्र मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं.
दुसऱ्या बुडीचं, पातळ.
‘फिकं आहे,’ म्हणालो.
‘गडद केलं तर कॅमेरा आंधळा होतो, बाबा.
आम्हीही अजून शिकतोय.’
हे पटलं.
रंगाऱ्याला पटेल असं दवाखान्यात
फार थोडं ऐकू येतं.

मग कॅनडा कॉर्नरच्या त्या खोलीत
डाव्या कुशीवर, उताणा, उजव्या कुशीवर.
लडी अशीच फिरवतात कढईत,
काठीवर घेऊन,
एक बाजू उपाशी राहू नये म्हणून.
काठी माझा भाऊ नथू धरायचा.
त्याची नखं स्वतःच्या लग्नातही हिरवी होती.

तिवंध्याची रहाड वर्षभर
रस्त्याखाली पुरलेली असते.
वरून स्कूटर जातात, भाजीच्या गाड्या जातात.
रंगपंचमीला माती उकरतात, फळ्या काढतात,
तेव्हा कळतं, एवढा हौद इथेच होता, आपल्या पायांखाली.
बाराव्या वर्षी मी मारलेला धप्पा
आठ दिवस कानामागून निघाला नव्हता.
आज माझ्यातच कोणी धप्पा मारलाय,
दिवा घेऊन.

डॉक्टर ढिकले आधी स्क्रीन वळवेना.
म्हटलं, दाखवा पोरी,
रंगाचं काम आहे, मला कळतं.

कोरा धागा खोटं बोलतो.
कोरी लडी सगळी एकसारखी, सायीसारखी.
गाठ, झीज, किड्यानं चाटलेली जागा,
हात फिरवा, काही लागत नाही.
रंगात घाला.
मग ती कबूल होते.

पडद्यावर माझं पोट,
पाणी सोडलेल्या रानासारखं,
सरीसरीत निळं.
सरी, सरी, वळण, पुन्हा सरी,
आणि एका जागी सऱ्याच संपल्या.
नखाएवढी खोलगट जागा.
कडेनं निळा साचलेला,
मध्ये धरलाच नाही.

तिनं तोंड उघडायच्या आत
मी काचेवर बोट ठेवलं.
‘इथे.’
ती पडद्याऐवजी माझ्या बोटाकडे पाहत राहिली.
‘हो,’ म्हणाली, ‘तिथला तुकडा काढून तपासावा लागेल.’

अशी लडी मी कधी फेकली नाही.
खुंटीला वेगळी टांगायचो,
सकाळी, उन्हं यायच्या आधी,
परत बघायचो.
कधी नुसता तेलाचा डाग निघायचा.
कधी नाही.

निघताना सिस्टरनं विचारलं, काही त्रास?
जीभ अजून निळी होती, तशीच बोललो:
रंग चांगला आहे तुमचा.
फक्त बोअरचं पाणी घेऊ नका.
जड पाण्यात निळा उमलत नाही.