कोरा रकाना

उदगीर आगारात चौतीस वर्षं
मी काचेमागे बसलो.
छातीवर पितळी बिल्ला: वाहतूक नियंत्रक.
पुढ्यात लाल पेन, निळा पेन
आणि माईक, ज्यात आधी फुंकर मारावी लागायची.
कुणी विचारायचं, साहेब, नांदेड कधी लागंल?
मी मनगटाकडे बघून सांगायचो,
जणू गाडी तिथूनच सुटणार होती.

घरातही तेच.
दूध सहा दहा. महानंदाची शिकवणी पाच.
कलावती माहेरी निघाली तरी
मनातल्या मनात मी तिला फलाट नेमून द्यायचो,
आणि उशीर झाला की कारण विचारायचो,
कारणासाठी रकाना असतो म्हणून.

आज पोरगी गाडी घेऊन गेली.
प्रवासी म्हणून नाही, चालक म्हणून.
उदगीर–नांदेड, पहाटे साडेपाच.
खाकी शर्टाच्या बाह्या तिनं आदल्या रात्रीच उसवून
स्वतःच्या मापाच्या केलेल्या.
मी म्हणालो, मागच्या सीटवर बसून येतो.
म्हणाली, अप्पा, मागं बघायला आरसा आहे मला.

मग मी ओट्यावर बसून
गाडी चालवायला लागलो.
सहा वीस, शिरूर ताजबंद.
पावणेसात, अहमदपूर, तिथं चहा, चहा गरम नसेल.
माळाकोळीच्या वळणावर उजव्या पायानं
ओट्याच्या फरशीवर ब्रेक दाबला.
फोन लावला. वाजून वाजून थांबला.
पुन्हा लावला.
गाडी चालवताना फोन घेतला म्हणून
ह्याच हातानं मी तिघांना मेमो दिलेत,
तरी तिनं घ्यावा असं वाटत राहिलं.

कलावती न्हाऊन आली.
कपाळावर भस्माची तीन बोटं,
गळ्यातली चांदीची डबी उघडली,
म्हणाली, या, बसा, काहून लेकराच्या मागं धावायलाव?
मी बसलो. फोन मुठीतच.
तिनं बघितलं.
आधी मूठ सोडा. मुठीत पूजा होत न्हाई.

डावा तळहात पसरला.
पेन धरून धरून पडलेला घट्टा उजव्या हाताला,
डावा हात तसा बिनकामाचाच राहिलेला,
त्यावर ते इवलंसं, काळं, थंड लिंग.
हात कापत होता.
हलतंय गं, म्हणालो.
हलू द्या, ती म्हणाली. पडतंय कुठं?

बेलाचं पान वाहिलं,
आणि कुठून कोण जाणे, तिरू नदीची ती रात्र आठवली.
पुलावरून पाणी, गाडीत बेचाळीस माणसं,
तार नाही, फोन नाही.
मी काचेमागे उभा, माईकमध्ये नुसत्या फुंकरा मारत.
पहाटे चार पन्नासला गाडी आत आली.
मोईजभाई खाली उतरला, चिखलानं मांडीपर्यंत भरलेला.
कशी आणलीस रे?
मैं कहाँ लाया साब, अल्लानं आणली,
म्हणाला, आणि चहा मागितला.
मी निळ्या पेनानं लिहिलं: आगमन ४.५०.

एवढंच लिहिलं होतं.
चौतीस वर्षांत एकही गाडी मी आणली नाही,
एकही पोचवली नाही.
पोचलेल्या गाडीखाली सही करत गेलो,
आणि सहीलाच स्टिअरिंग समजत राहिलो.
बिल्ल्यावर कुणीतरी चुकीचा शब्द कोरला होता, देवा,
आणि तू इतकी वर्षं
हसलाही नाहीस.

पूजा उरकली. हात अजून थोडा कापतच होता.
कपाटातून जुनी वही काढली,
लिहिलं: महानंदा, प्रस्थान ५.३०.
पुढचा रकाना कोरा ठेवला.
त्यात काय येईल ते तुझ्या अक्षरात येवो,
माझं अक्षर तसंही आता तिरपं जातं.

फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर.
वाजला तर ऐकू येईल.
नाही वाजला तर
नाही वाजला, असं म्हणून बघितलं,
तोंडात नीट बसलं नाही अजून.

तेवढ्यात गल्लीत मेथीवाली आली.
जुडी वीस रुपये.
पंधराला दे, म्हणत मी पायरी उतरलो.
तेवढं काही सुटलेलं नाही.